युरोपचा कार्बन सीमाकर: फ्लँज, बोल्ट आणि फोर्जिंग पाठवणाऱ्यांनी हिशेब कसा उभा करायचा

युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर, म्हणजे सीबॅम (बाहेरून येणारा माल बनवताना हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडवरचा आकार), १ जानेवारी २०२६ पासून पैशांत मोजला जाऊ लागला आहे. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात आयातदाराला फक्त तिमाही अहवाल द्यावा लागत होता, खिशातून काही जात नव्हते. त्या काळात बऱ्याच कारखान्यांनी ग्राहकाने पाठवलेली एक्सेल कशीबशी भरून परत केली आणि विषय संपला असे मानले. आता त्याच एक्सेलमधल्या आकड्यावर दर टनामागे शेकडो युरोंचा फरक पडू शकतो.

हा लेख पोलादाच्या वस्तू करणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी आहे: फ्लँज, पाइप फिटिंग, बोल्ट-नट, फोर्जिंग, फॅब्रिकेशन. मोठ्या मिलकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतात. चाकण, भोसरी, वाळूज, कोल्हापूर, सांगली किंवा वसई पट्ट्यातल्या कारखान्यात हे काम बहुधा निर्यातीची कागदपत्रे पाहणाऱ्या एकाच माणसावर येते. त्याने कोणत्या क्रमाने काय करायचे, ते पुढे दिले आहे.

पहिले काम: कोड

सीबॅम लागू आहे की नाही हे मालाच्या नावावरून ठरत नाही, कस्टम्सच्या कोडवरून ठरते. भारतातला आठ अंकी कोड आणि युरोपचा आठ अंकी सीएन कोड यांचे पहिले सहा अंक सारखे असतात, शेवटचे दोन वेगळे असू शकतात. त्यामुळे आपल्या शिपिंग बिलावरच्या कोडवर विसंबू नका. ग्राहकाने तिकडच्या आयात घोषणेत कोणता कोड लिहिला आहे, हे त्याच्याकडून लेखी मागवा.

कोडचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण. पोलादात ७२ व्या प्रकरणातला बहुतेक माल सीबॅमच्या यादीत आहे. भंगार (७२०४) आणि फेरो-सिलिकॉनसारखे काही फेरोअलॉय वगळलेले आहेत. ७३ व्या प्रकरणात पाइप (७३०३ ते ७३०६), पाइप फिटिंग आणि फ्लँज (७३०७), स्ट्रक्चर (७३०८), टाक्या आणि डबे (७३०९, ७३१०), बोल्ट-नट-स्क्रू (७३१८) आणि ‘इतर वस्तू’ (७३२६) यादीत येतात. ॲल्युमिनियममध्ये ७६०१ पासून ७६१६ पर्यंतचे बहुतेक कोड आहेत. भंगार (७६०२) आणि घरगुती भांडी (७६१५) नाहीत.

गफलत होते ती सीमेवरच्या मालात. बिडाचे मॅनहोल कव्हर ७३२५ मध्ये जाते आणि तो कोड सध्या यादीत नाही. त्याच फाउंड्रीत ओतलेली बिडाची पाइप फिटिंग ७३०७ मध्ये जाते, ती यादीत आहे. गिअर, शाफ्ट, बेअरिंग हाउसिंग (८४८३), इंजिनाचे भाग (८४०९) आणि वाहनांचे सुटे भाग (८७०८) सध्या बाहेर आहेत. मशिनिंग न केलेले साधे फोर्जिंग मात्र ७३२६ मध्ये जाऊ शकते आणि तिथे सीबॅम लागतो. ॲल्युमिनियमची डाय-कास्ट वस्तू ७६१६ मध्ये गेली तर आत, वाहनाचा भाग म्हणून ८७०८ मध्ये गेली तर बाहेर.

कर चुकवण्यासाठी कोड फिरवू नका. वर्गीकरण चुकीचे ठरले तर दंड ग्राहकाला होतो आणि पुढची ऑर्डर तुमची जाते. पण वर्षानुवर्षे आळसाने ७३२६ लिहिलेले भाग खरोखर दुसऱ्या कोडचे असतील, तर ड्रॉइंग आणि वापराचा पुरावा जोडून ते दुरुस्त करून घेणे योग्यच आहे.

दुसरे काम: ग्राहकाचा आवाका

२०२५ च्या सुधारणेने लहान आयातदारांना सूट दिली. एका कॅलेंडर वर्षात एखादा आयातदार सीबॅमच्या यादीतला माल एकूण ५० टनांपर्यंतच आणत असेल, तर त्याला हा कर लागत नाही. ही मर्यादा आयातदाराची आहे, तुमची नाही. तुम्ही त्याला आठ टन बोल्ट पाठवता, पण तो तुर्कस्तानातून साठ टन पाइप आणतो, तर तुमच्या आठ टनांचाही हिशेब द्यावा लागतो. वर्षाच्या मध्ये ५० टन ओलांडले, तर जानेवारीपासूनचा सगळा माल हिशेबात येतो. विजेला आणि हायड्रोजनला ही सूट नाही.

म्हणून प्रत्येक ग्राहकाला तीन प्रश्न विचारा. या वर्षी तुमची एकूण आयात ५० टनांच्या वर जाईल का? तुम्ही ‘अधिकृत सीबॅम घोषणाकर्ता’ म्हणून नोंदणी केली आहे का? आमच्याकडून प्रत्यक्ष आकडे हवेत की तुम्ही डिफॉल्ट, म्हणजे युरोपीय आयोगाने ठरवून दिलेल्या आकड्यांवर घोषणा करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘डिफॉल्ट’ आले तर खूश होऊ नका. त्याचा भार शेवटी तुमच्या दरावर येतो, कसा ते खाली आहे.

तिसरे काम: रक्कम समजून घेणे

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. ‘पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्के’ हे वाक्य सगळीकडे फिरते आणि त्यावरून कारखानदार २०३० पर्यंत निवांत बसतात. अडीच टक्क्यांचा आकडा खोटा नाही, पण तो ज्याला लावला जातो ती गोष्ट वेगळी आहे.

युरोपातल्या मिलना उत्सर्जन व्यापार व्यवस्थेत आपल्या उत्सर्जनासाठी परवाने घ्यावे लागतात, त्यातले काही फुकट मिळतात. किती, हे प्रत्येक उत्पादनाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे दर टनाला ठरवलेल्या प्रमाण उत्सर्जनावरून ठरते. सीबॅममध्ये आयात मालालाही तेवढी वजावट मिळते, आणि ही वजावट वर्षागणिक कमी होते. २०२६ मध्ये बेंचमार्कच्या ९७.५ टक्के वजावट आहे. २०२७ मध्ये ९५, २०२८ मध्ये ९०, २०२९ मध्ये ७७.५, २०३० मध्ये ५१.५, २०३१ मध्ये ३९, २०३२ मध्ये २६.५, २०३३ मध्ये १४ आणि २०३४ पासून शून्य.

आयातदाराने उरलेल्या उत्सर्जनासाठी प्रमाणपत्रे विकत घ्यायची असतात, दर टन कार्बन डायऑक्साइडला एक. अंतर्भूत उत्सर्जन म्हणजे कच्च्या मालासकट तो माल बनवताना झालेले उत्सर्जन. सूत्र असे:

एक टन मालावरची रक्कम = (मालातले अंतर्भूत उत्सर्जन − बेंचमार्क × त्या वर्षाचे वजावटीचे प्रमाण) × प्रमाणपत्राची किंमत

म्हणजे तुमचे उत्सर्जन बेंचमार्कएवढेच असेल तर आणि तरच पहिल्या वर्षी अडीच टक्के भरावे लागतात. बेंचमार्कच्या वरचा प्रत्येक किलो पहिल्या दिवसापासून शंभर टक्के भरावा लागतो. भारतात कोळशावर झालेले बरेचसे पोलाद युरोपच्या बेंचमार्कच्या वर असल्याने फरक मोठा पडतो.

एक हिशेब करून पाहू. यातले आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्यक्ष बेंचमार्क आपल्या सीएन कोडसमोर बघायचा. एक टन कार्बन स्टील फ्लँज करायला १.५ टन बिलेट (मिलमधून येणारे पोलादाचे ठोकळे) लागते. बिलेट ब्लास्ट फर्नेसच्या मिलचे आहे आणि त्यात दर टनाला २.४ टन कार्बन डायऑक्साइड आहे. मग एक टन फ्लँजमध्ये १.५ × २.४ = ३.६ टन. बेंचमार्क दर टन बिलेटला १.३ मानला, तर २०२६ ची वजावट १.५ × १.३ × ०.९७५ = सुमारे १.९० टन. उरले १.७० टन. प्रमाणपत्र ७५ युरोचे धरले, तर एका टनावर सुमारे १२७ युरो.

‘अडीच टक्के’ पद्धतीने हाच हिशेब ३.६ × ०.०२५ × ७५ म्हणजे पावणेसात युरो येतो. या आकड्यावर कोणी वर्षभराचा दर बांधून दिला असेल, तर त्याला २०२७ मध्ये धक्का बसेल. उत्सर्जन तेच राहिले तर २०३० मध्ये हीच रक्कम सुमारे १९५ युरो आणि २०३४ मध्ये २७० युरो होते, तीही प्रमाणपत्राची किंमत मुळीच न वाढल्यास.

प्रमाणपत्राची किंमत युरोपातल्या त्याच परवान्यांच्या लिलावावर चालते. २०२६ च्या आयातीसाठी तिमाही सरासरी लागते, २०२७ पासून साप्ताहिक. २०२६ च्या मालाची प्रमाणपत्रे १ फेब्रुवारी २०२७ पासून विकायला येतील आणि आयातदाराची पहिली वार्षिक घोषणा ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत जाईल. माल २०२६ मध्ये जातो आणि पैसे २०२७ मध्ये जातात, म्हणून आज कुणाला झळ जाणवत नाही.

माल कोणत्या वर्षात मोजला जाईल हे युरोपात कस्टम्समधून मोकळा होण्याच्या तारखेवरून ठरते. डिसेंबरात न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर जानेवारीत तिकडे सुटला, तर त्याला पुढच्या वर्षाचे वजावटीचे प्रमाण लागते. वर्षअखेरच्या जहाजांचे नियोजन करताना हे लक्षात असू द्या.

चौथे काम: पोलाद कुठून आले

वरच्या उदाहरणात फ्लँज कारखान्याने स्वतः जाळलेला गॅस कुठेच नाही. तो मुद्दाम वगळला. २०२५ च्या सुधारणेने फिनिशिंगच्या अनेक टप्प्यांचे स्वतःचे उत्सर्जन हिशेबाबाहेर ठेवले आहे, कारण अशा मालातला बहुतेक कार्बन कच्च्या पोलादातच असतो. आपल्या कोडसाठी कोणता टप्पा आत आणि कोणता बाहेर हे नियमाच्या परिशिष्टात तपासावे लागते. पण टप्पा आत असला, तरी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा वाटा मिलच्या आकड्यापुढे किरकोळ असतो.

तशीच गोष्ट विजेची. लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी फक्त थेट उत्सर्जन मोजले जाते, विजेमागचे नाही. (सिमेंट आणि खतांसाठी वीजही मोजतात.) छतावर सोलर बसवणे चांगलेच आहे, वीजबिल कमी होते, ग्राहकाच्या इतर प्रश्नावलीतही गुण मिळतात. सीबॅमच्या रकमेत मात्र त्याने आज एक युरोही कमी होत नाही. सल्लागाराने सीबॅमच्या नावाखाली सोलरचा प्रस्ताव आणला, तर त्याला हा प्रश्न विचारा.

तेव्हा खरी मेहनत मिलच्या आकड्यासाठी करायची. पोलाद तीन वाटांनी होते आणि तिन्हींचे आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत.

ब्लास्ट फर्नेसची वाट: लोहखनिज आणि कोक. सर्वांत जास्त थेट उत्सर्जन इथे आहे.

भंगाराची वाट: आर्क किंवा इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळवणे. सीबॅममध्ये भंगाराचे अंतर्भूत उत्सर्जन शून्य धरतात आणि वीजही मोजत नाहीत, म्हणून थेट उत्सर्जन अगदी कमी निघते: इलेक्ट्रोड, टाकलेला कार्बन, चुनखडी आणि रोलिंगच्या भट्टीचे इंधन एवढेच. पण इथला बेंचमार्कही खूप खाली असतो, त्यामुळे वजावट जवळपास मिळत नाही. तरीही दर टनावरची रक्कम ब्लास्ट फर्नेसच्या मानाने थोडी राहते.

स्पंज आयर्नची (खनिज न वितळवता केलेल्या लोखंडाची) वाट: इथे फसगत होते. जालन्यासह देशभरच्या इंडक्शन फर्नेस भंगाराबरोबर स्पंज आयर्नही वापरतात, आणि भारतातले बहुतेक स्पंज कोळशावर होते. स्पंज हा हिशेबातला ‘प्रीकर्सर’ आहे, म्हणजे ज्याचे उत्सर्जन पुढच्या मालात मोजले जाते असा कच्चा माल; त्याच्यामागचा सगळा कोळसा बिलेटच्या आकड्यात येतो. ‘आमची इंडक्शन फर्नेस आहे, कार्बन नाही’ असे पुरवठादार म्हणाला, तर चार्जमध्ये (भट्टीत टाकलेल्या मालात) स्पंज किती टक्के आणि ते कोणत्या भट्टीचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिग आयर्न, फेरोमँगनीज, फेरोक्रोम आणि फेरोनिकेल हेही प्रीकर्सर आहेत. स्टेनलेसच्या फ्लँजमध्ये फेरोक्रोम आणि फेरोनिकेलचा वाटा आकडा चांगलाच वर नेतो.

मिलला पाठवायच्या पत्रात एवढे मागा:

– कारखान्याचे नाव, पत्ता, अक्षांश-रेखांश आणि उत्पादनाची वाट
– मालाचा सीएन कोड आणि ग्रेड
– दर टनामागचे थेट अंतर्भूत उत्सर्जन, कोणत्या कॅलेंडर वर्षाचे ते स्पष्ट लिहून
– वापरलेले प्रीकर्सर, त्यांचे प्रमाण आणि त्यांच्यासाठी प्रत्यक्ष आकडा वापरला की डिफॉल्ट
– मान्यताप्राप्त संस्थेचा पडताळणी अहवाल, किंवा तो कधी मिळेल याची तारीख

उत्तर म्हणून बऱ्याचदा दोन चुकीची कागदपत्रे येतात. एक, कंपनीचा वार्षिक शाश्वतता अहवाल. त्यात सगळ्या प्लँटची सरासरी असते, वीजही मिसळलेली असते; सीबॅमला एका विशिष्ट प्लँटचा आणि एका विशिष्ट मालाचा आकडा लागतो. दुसरे, ग्रीन स्टीलचे प्रमाणपत्र. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या जाहीर केली: तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी, आणि १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. देशातल्या खरेदीसाठी ती उपयोगी आहे, पण तिच्या हिशेबाची चौकट वेगळी आहे, त्यात विजेचे उत्सर्जनही धरतात. तो आकडा उचलून सीबॅमच्या रकान्यात टाकला तर पडताळणीत तो फेटाळला जाईल.

स्टॉकिस्टकडून माल घेणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. मोजक्या टनांसाठी मिल थेट बोलत नाही आणि स्टॉकिस्टला या विषयात रस नसतो. तरी दोन गोष्टी हातात आहेत. निर्यातीच्या ऑर्डरचा माल एक-दोन ठरावीक मिलचाच घ्या आणि खरेदी ऑर्डरवर तशी अट लिहा. दुसरे, औद्योगिक वसाहतीतल्या दहा-पंधरा कारखान्यांनी संघटनेमार्फत एकच पत्र मिलला पाठवा. एकट्या ग्राहकाला न मिळणारे उत्तर एकत्रित टनाला मिळते.

पाचवे काम: कारखान्यातली साखळी

मिलचा आकडा मिळाला तरी तो माल त्याच फ्लँजमध्ये गेला हे दाखवता आले पाहिजे. दुवा म्हणजे हीट नंबर, मिलने पोलादाच्या प्रत्येक वितळीला दिलेला क्रमांक. मिल टेस्ट सर्टिफिकेट, आवक नोंद, कटिंगचा जॉब कार्ड, फोर्जिंग लॉट, तपासणी अहवाल, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल या सगळ्यांवर तो पोचला पाहिजे. प्रेशर फ्लँज करणाऱ्यांकडे ही शिस्त आधीपासून असते. बोल्टवाल्यांकडे वायर रॉड ड्रॉइंगला गेला की हीट नंबर बहुतेक वेळा हरवतो. तिथे वर्षभरात मिलनिहाय किती टन घेतले याची भारित सरासरी काढण्याची वेळ येते, आणि मग कमी कार्बनचे पोलाद जास्त पैसे देऊन घेतल्याचा फायदा सरासरीत विरून जातो.

जॉबवर्कला बाहेर गेलेल्या मालाचे चलन याच साखळीत जोडा. प्लेटिंगवाल्याकडून परत येताना दोन लॉट एकत्र झाले, तर तिथे साखळी तुटते.

नंतर येतो यील्ड. एक टन तयार मालासाठी किती टन पोलाद आत गेले, हा आकडा उत्पादनगटानुसार वेगळा ठेवा. शेडमधून निघालेल्या टर्निंग, फ्लॅश आणि एंडकट यांच्यावर उत्सर्जन वाटता येत नाही. आत गेलेल्या पोलादाचा सगळा कार्बन तयार मालावर बसतो. म्हणून वरच्या उदाहरणात २.४ चे ३.६ झाले. बिलेट १.५ ऐवजी १.३५ टन लागले, तर उत्सर्जन ३.२४ वर येते आणि त्या वर्षाची रक्कम १२७ वरून सुमारे ११५ युरोवर. वजावटही कमी होते, म्हणून फायदा वाटतो तेवढा नाही, पण पोलादाची बचत मिळून तो खरा असतो. फोर्जिंगचा साचा सुधारणे, रिंग रोलिंगकडे जाणे, कटिंगची करवत बारीक करणे ही कामे कारखान्याच्या स्वतःच्या हातातली आहेत. मिल बदलण्याखालोखाल परिणाम यांचाच.

वजनाचे दोन पुरावे ठेवा: आवक वजनकाट्याची पावती आणि महिन्याअखेरचा साठा. आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा बरोबर वापर. हा ताळा तयार माल अधिक भंगार विक्रीशी जुळला पाहिजे. पडताळणी करणारा माणूस सगळ्यात आधी हेच बघतो. जीएसटी विवरणातले भंगार आणि उत्पादन नोंदीतले भंगार जुळत नसेल, तर बाकी सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो.

इंधन हिशेबाबाहेर असले तरी त्याची नोंद ठेवा, कारण कोड बदलला किंवा स्वतःचे मेल्टिंग असले तर ते लागेल. नैसर्गिक वायूला ५६.१, एलपीजीला ६३.१, डिझेलला ७४.१ आणि फर्नेस ऑइलला ७७.४ टन कार्बन डायऑक्साइड दर टेराज्यूल हे प्रमाणित घटक आहेत. डिझेलचा साधा हिशेब दर लिटरला सुमारे २.६५ किलो. गॅसच्या बिलात एक सापळा असतो: बिल स्थूल उष्मांकावर, म्हणजे जीसीव्हीवर निघते आणि वरचे घटक निव्वळ उष्मांकासाठी आहेत. बिलातली ऊर्जा साधारण ०.९ ने न गुणता घेतली, तर उत्सर्जन सुमारे अकरा टक्के फुगते. फाउंड्रीवाल्यांनी कोक (१०७ टन दर टेराज्यूल), चुनखडी (शुद्ध चुनखडीच्या टनामागे ०.४४ टन) आणि पिग आयर्न यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

डिफॉल्टची किंमत

प्रत्यक्ष आकडा नसेल तर आयातदार युरोपीय आयोगाने जाहीर केलेले डिफॉल्ट आकडे वापरतो. ते देशनिहाय आणि कोडनिहाय आहेत, आणि पोलाद-ॲल्युमिनियमसाठी त्यांवर २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ चढते. ही वाढ मुद्दाम ठेवली आहे, जेणेकरून मोजणे परवडावे.

एका परिस्थितीत डिफॉल्ट शहाणपणाचे ठरते: पोलाद खरोखरच जास्त कार्बनचे असेल आणि पडताळणीचा खर्च निर्यातीच्या टनेजला झेपत नसेल. वर्षाला तीस-चाळीस टन पाठवणाऱ्याने आधी हिशेब करावा. प्रत्यक्ष आणि डिफॉल्ट यांतला फरक गुणिले टन गुणिले प्रमाणपत्राची किंमत, आणि त्यासमोर पडताळणीचे कोटेशन. भंगारावरच्या पोलादाचा माल असेल तर मात्र डिफॉल्टवर सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या कोळशाचे पैसे आपण भरणे.

पडताळणी

२०२६ पासून प्रत्यक्ष आकडे मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले असले पाहिजेत. पहिल्या वेळी तिचा माणूस कारखान्यात प्रत्यक्ष यावा लागतो. कॅमेऱ्यावर भागत नाही. अशा संस्था मोजक्या आहेत आणि २०२७ च्या पहिल्या सहामाहीत सगळे एकदमच त्यांच्या दारात उभे राहतील. म्हणून २०२६ च्या आकड्यांसाठी तारीख आताच मागा. जानेवारीत वर्ष बंद करा, फेब्रुवारीअखेर हिशेब, मार्च-एप्रिलमध्ये भेट, जूनपर्यंत अहवाल ग्राहकाच्या हातात. सप्टेंबरच्या मुदतीआधी त्यालाही काम असते.

भेटीपूर्वी एक देखरेख आराखडा लिहून ठेवा: कारखान्याची हद्द, प्रक्रियांचा साधा आलेख, कोणता आकडा कोणत्या मीटरवरून किंवा बिलावरून घेतला, कोण नोंद करतो, कोण तपासतो, मीटरचे कॅलिब्रेशन कधी झाले. चार-पाच पाने पुरतात. वर्ष संपल्यावर मागच्या तारखेने लिहिलेला आराखडा ओळखू येतो.

कारखानदाराला युरोपीय आयोगाच्या सीबॅम नोंदणी प्रणालीत स्वतःची नोंद करून तपासलेले आकडे तिथे ठेवता येतात. नोंद पाच वर्षे चालते. फायदा असा की दहा ग्राहकांना दहा वेळा फाइल पाठवावी लागत नाही आणि चार्जचे बारकावे किंवा पुरवठादारांची नावे ग्राहकापुढे उघडी पडत नाहीत. पडताळणीनंतर चार वर्षे सगळ्या नोंदी जपून ठेवण्याचे बंधन त्याबरोबर येते.

करारात काय लिहायचे

कायद्याने पैसे आयातदार भरतो. व्यवहारात तो ते तुमच्या दरातून काढायचा प्रयत्न करणारच, आणि २०२६ च्या अनेक खरेदी ऑर्डरमध्ये ‘सीबॅमचा सर्व खर्च पुरवठादाराचा’ असे एक वाक्य गुपचूप आलेले असते. त्यावर तशीच सही करू नका. प्रमाणपत्राची किंमत तुमच्या हातात नाही, त्याची अमर्याद जबाबदारी घेणे धोक्याचे आहे.

त्याऐवजी करार असा बांधा. पुरवठादार ठरलेल्या तारखेपर्यंत तपासलेला आकडा देईल. तो दिला नाही, तर डिफॉल्ट आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाची भरपाई, तीही बिलाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत. आकडा दर टन अमुक धरून दर ठरला आहे. पडताळणीत तो खाली आला तर बचतीचा अर्धा वाटा पुरवठादाराचा. हे शेवटचे कलम मागायला लोक लाजतात, पण कमी कार्बनचे पोलाद महाग घेणाऱ्याला ते मिळालेच पाहिजे.

डीडीपी अटीवर, म्हणजे तिकडचे शुल्क स्वतः भरून ग्राहकाच्या दारात माल पोचवणाऱ्यांनी विशेष जपावे. तिथे आयातदार तुम्हीच ठरू शकता, आणि युरोपात कार्यालय नसेल तर अधिकृत घोषणाकर्ता असलेला अप्रत्यक्ष कस्टम्स प्रतिनिधी नेमावा लागतो. तो जबाबदारी स्वतःवर घेतो म्हणून हमी मागतो. शक्य असेल तिथे अट बदलून घ्या. वेळेत प्रमाणपत्रे जमा न केल्यास दर टन कार्बन डायऑक्साइडला मुळात १०० युरो, महागाईनुसार वाढत जाणारा दंड आहे, आणि तो भरूनही प्रमाणपत्रे द्यावीच लागतात.

भारतात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरली असेल तर ती वजा मागता येते. पण ‘प्रत्यक्ष भरली’ हा शब्द कडक आहे: परतावा किंवा सवलत वजा जाता खरोखर गेलेली रक्कम, स्वतंत्र व्यक्तीने प्रमाणित केलेली. कोळशावरचा जुना उपकर किंवा इंधनावरचा व्हॅट दाखवून ही वजावट मिळेल, या भरवशावर दर देऊ नका. आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना उभी राहते आहे. मिल तिच्यात येऊन खरोखर पैसे भरू लागली, तर ती पावती मागायची जागा मिलच्या पत्रातच आहे.

यादीबाहेरच्यांसाठी

१७ डिसेंबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने आणखी सुमारे १८० पोलाद आणि ॲल्युमिनियमप्रधान उत्पादने यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला, लागू करण्याचे वर्ष २०२८. त्यात यंत्रसामग्री आणि वाहनांचे काही भागही आहेत. प्रस्ताव युरोपीय संसद आणि परिषद यांच्या हातून जाताना बदलू शकतो, तरी आज ८४ किंवा ८७ व्या प्रकरणात असलेल्या पुणे-कोल्हापूरच्या कारखान्यांनी हीट नंबरची साखळी आणि यील्डची नोंद आतापासून धरावी. मिलला आकडे देण्याची सवय लागायला वर्ष जाते. त्याच प्रस्तावात कारखान्यातून निघालेले, वापरात न गेलेले भंगार शून्य न धरण्याचाही मुद्दा आहे. टर्निंग आणि एंडकट वितळवणाऱ्यांनी वापरलेले जुने भंगार आणि कारखान्यातले नवे भंगार यांच्या आवक नोंदी आजच वेगळ्या कराव्यात.

ब्रिटन १ जानेवारी २०२७ पासून स्वतःचा वेगळा सीबॅम आणतो आहे: पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत आणि हायड्रोजन यांवर, बारा महिन्यांत ५०,००० पौंडांच्या वर आयात करणाऱ्यांना. तिथली मर्यादा टनांत नसून पौंडांत आहे, त्यामुळे महाग स्टेनलेस फ्लँज थोडीच पाठवणाराही तिच्यात सापडतो. मिलचा आकडा आणि यील्ड दोन्हीकडे उपयोगी पडतील. दर, कोड आणि अर्ज मात्र वेगळे, तेव्हा ब्रिटिश ग्राहकांची फाइल वेगळी उघडा.